दोन बोटं माया

दुकानापासून घरापर्यंत एकशे बारा पावलं होती आणि गेल्या अडतीस वर्षांत शिंपी मास्तर पायी चालले ते तेवढंच. जाताना एकशे बारा, येताना एकशे बारा. अशा माणसाने एके दिवशी जेवता जेवता जाहीर केलं, की आपण डोंगरातल्या पायवाटेने थेट समुद्रापर्यंत, साडेतीनशे किलोमीटर चालत जाणार आहोत. बायकोने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. ताप नव्हता. मग तिने स्वतःच्या कपाळाला हात लावला.

ती पायवाट गावाच्या मागूनच जायची. पाठीवर सॅक घेतलेली मंडळी वर्षाचे सात महिने तिच्यावरून चालत, आणि गावात उतरत ती बहुधा एकाच कामासाठी: काहीतरी फाटलेलं असायचं. त्यामुळे मास्तरांना न चालता ती वाट पाठ झाली होती. उजवा खिसा फाटला असेल तर गिऱ्हाईक खिंडीतल्या काटेरी तारेवरून आलंय. खांद्याचा पट्टा उसवला असेल तर त्याने सोबत पुस्तकं आणलीत, आणि वाचली नाहीत. सॅकचं बूड झिजलं असेल तर मोठा उतार तो चालून आलेला नाही, घसरून आलाय. मास्तर टीप मारता मारता हे सगळं सांगत, आणि गिऱ्हाईक थक्क होऊन विचारी, "तुम्ही किती वेळा केलीत ही वाट?"

"अजून नाही," मास्तर म्हणत. अडतीस वर्षं म्हणत होते.

यंदा हंगाम सरत आला असताना सत्तरीच्या एक निवृत्त शिक्षिका बक्कल बदलायला आल्या. त्यांनीही तेच विचारलं, मास्तरांनीही तेच उत्तर दिलं. बाईंनी सॅक पाठीवर टाकली, मास्तरांच्या पायांकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता निघून गेल्या. बोलल्या असत्या तर एवढं लागलं नसतं.

"जा," बायको शेवटी म्हणाली. "पण चिंधीला घेऊन जायचं. ती असेल तर जा. ती नसेल तर उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही."

चिंधी म्हणजे मास्तरांची कुत्री. आठ वर्षांपूर्वी दुकानातल्या चिंध्यांच्या पोत्यात कोणीतरी तिला आणून टाकलं होतं; पोतं हललं म्हणून मास्तरांनी उघडलं, आणि नाव ठेवायचे कष्ट वाचले. तिची जात कोणी विचारली तर मास्तर "मिक्स" म्हणत, पँटपीस दाखवताना म्हणतात तसं.

बायकोच्या अटीला कारण होतं. मास्तरांना दिशा कळायची ती फक्त कापडातली. उभा धागा कुठला नि आडवा कुठला, हे ते डोळे मिटून सांगत. पण घरातून बाहेर पडल्यावर एकशे तेराव्या पावलापासून पुढे सगळा आनंद होता. शेजारच्या गावी एका लग्नात ते हात धुवायला म्हणून बाहेर गेले आणि परतताना दुसऱ्याच लग्नात शिरले. तिथे पोटभर जेवले. आपण शिवलेला कोट नवरदेवाने का घातला नाही, म्हणून जरा रागावलेही. उलट चिंधी एकदा भाजीच्या टेम्पोत चढून चार गावं पलीकडे गेली होती, आणि संध्याकाळच्या चहाला आपल्या पायांनी हजर होती.

डॉक्टरीणबाईंनी चिंधीला टेबलावर घेऊन दात, कान, सांधे, छाती सगळं तपासलं. "तब्येत उत्तम. वजन चोवीस किलो. पाठीवर अडीच किलोच्या वर काही नको. आधी आठवडाभर रिकामी पिशवी घालून सवय करा. आणि वाटेत रोज रात्री तळवे बघायचे."

"माझे?"

"तिचे. तुमचे तुम्ही बघा, माणसांचं मी करत नाही."

मास्तर खुशीत दुकानात आले. कुत्र्याच्या पाठीवरच्या तयार पिशव्या बाजारात मिळतात, पण ती सूचना करणाऱ्या शेजारच्या घड्याळजींकडे मास्तरांनी असं पाहिलं, की घड्याळजींनी लगेच डोळ्याला भिंग लावून एक बरं चालणारं घड्याळ उघडलं. पिशवी मास्तरच शिवणार होते. दोन्ही कुशींना एकेक खण, छातीवरून एक पट्टा, पोटाखालून एक. घड्याळजींनी पिशवीचं नाव खोगीर ठेवलं आणि तेच रूढ झालं.

चिंधीला कापायच्या टेबलावर उभी करून मास्तरांनी टेप काढला. जन्मभर त्यांनी माप देताना पोट आत ओढणारी माणसं पाहिली होती. टेप दिसला की माणसाच्या अंगात शिपाई संचारतो. चिंधीही त्याला अपवाद नव्हती. तिने मान ताठ केली, श्वास रोखला आणि समोरच्या बिनडोक्याच्या पुतळ्याकडे रोखून पाहत राहिली.

"बघ," मास्तर घड्याळजींना म्हणाले, "याला म्हणतात गिऱ्हाईक. नाहीतर तू. माप घेताना पण बोलत असतोस."

निळा जाड कॅनव्हास, आतून अस्तर, पितळी बक्कलं, कडेला अंधारात चमकणारी पट्टी. मास्तरांनी तीन दिवस जीव ओतला. खोगीर चिंधीच्या अंगावर असं बसलं की जणू ती त्यातच जन्मली होती. कुठे सुरकुती नाही, कुठे फुगा नाही.

"एवढं फिटिंग माझ्या लग्नाच्या कोटाला नव्हतं," घड्याळजी म्हणाले.

"तुझ्या कोटाच्या मध्ये तुझं पोट आलं होतं. चल चिंधे!"

चिंधी दोन पावलं चालली आणि खाली बसली.

मास्तरांनी बिस्किट दाखवलं. चिंधीने बसल्या जागेवरून ते खाल्लं. चेंडू टाकला, तिने तो लांब जाताना आस्थेने पाहिला. मास्तरांनी स्वतःची सॅक पाठीवर चढवून टेबलाभोवती चार फेऱ्या मारून दाखवल्या, म्हणजे तिला कल्पना यावी. तिला आली असावी, कारण ती आता आडवी झाली. खोगीर काढलं की मात्र उठून शेपूट हलवत दारात.

"बंद घड्याळ असलं की मी जरा हलवून बघतो," घड्याळजींनी सुचवलं.

"तुझी निम्मी गिऱ्हाइकं त्यामुळेच परत येतात."

असे सहा दिवस गेले. महिनाअखेरीला डोंगरातली मुक्कामाची घरं बंद होणार होती. त्याआधी वाट संपवायची तर येत्या सोमवारी निघायलाच हवं होतं. नाहीतर पुढच्या वर्षी. आणि बासष्टाव्या वर्षी माणूस 'पुढच्या वर्षी' म्हणतो, तेव्हा ऐकणारे उगीच जोरजोरात मान डोलावतात, हे मास्तरांना ठाऊक होतं. मनातून त्यांना हेही ठाऊक होतं, की यंदा राहिलं तर राहिलंच.

घरात बायको सुरुवातीला खुशीत होती. अट घालताना तिने कुत्रीकडून एवढ्या सहकार्याची अपेक्षा केली नव्हती. मास्तरांची सॅक तपासून तिने त्यातून इस्त्री, मोठी कात्री आणि नऊ रिळं बाहेर काढली होती, "चालायला जाताय की दुकान हलवताय? नुसती खोगीरभरती!" म्हणाली होती. आता ती सॅक कोपऱ्यात पडून होती, आणि मास्तर दुसऱ्यांचे पट्टे मुकाट्याने शिवत होते. फाटलेला खिसा बघून कोण कुठून आलं, हेही सांगेनासे झाले होते. गुरुवारी त्यांनी चहा गार होऊ दिला. तेव्हा ती उठली आणि दुपारी दुकानात आली.

खोगीर घालून चिंधी दारात बसलेली होती. बायको तिच्याजवळ वाकली आणि पोटाखालच्या पट्ट्यात तिने बोट घालायचा प्रयत्न केला. जाईना.

"अहो, याला माया कुठंय?"

शिवणीच्या आत पुढच्या काळजीने दुमडून ठेवलेलं जादा कापड, त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तर जरा गोंधळले. "माया कशाला? आठ वर्षांची घोडी ती, आता काय वाढणार आहे?"

"वाढणार नाही, पण श्वास तर घेणार? उभी करून, दम कोंडलेला असताना माप घेतलंत. चालायला लागल्यावर छाती फुगते तिची. त्या पाववाल्याच्या पँटला चार बोटं माया सोडता, का, तर त्याचा स्वतःवर ताबा नाही. शाळेच्या पोरांच्या कोटाला तीन बोटं. आणि जिला साडेतीनशे किलोमीटर न्यायचंय, तिला अर्धं बोटसुद्धा नाही?"

"फिटिंग बिघडलं असतं," मास्तर हळूच म्हणाले.

"माझ्या कोटाचंही नाही बिघडवलंत. एकवीस वर्षं मी त्यात अर्धाच श्वास घेते."

मास्तरांच्या हातातली कात्री थांबली. "कधी बोलली नाहीस."

"चिंधी तरी कुठे बोलली? ती नुसती बसली. मला तीही सोय नव्हती. त्या कोटात बसता येत नाही."

घड्याळजी त्यांच्या दुकानात एकाएकी फार कामात होते.

मास्तरांनी खोगीर उसवायला घेतलं. पण सोडवायला मायाच नव्हती, आणि निळा कॅनव्हासही संपला होता. मग त्यांनी चिंध्यांचं पोतं ओतलं. एका कुशीला तपकिरी कोटाचा तुकडा, दुसऱ्या कुशीला दुकानाच्या जुन्या छपराची पट्ट्यापट्ट्यांची ताडपत्री, पट्ट्यांना दोन्हीकडे दोन-दोन बोटं जोड. दिसायला ते आता खोगीर कमी आणि भांडणाअंती झालेला समझोता जास्त वाटत होतं. चिंधीने ते हुंगलं. पोत्याचा वास ओळखीचा असावा. घालून ती दुकानभर हिंडली आणि पुतळ्याला शेपटीने झोडपून आली.

रविवारी ट्रायल ठरली. वाटेवर सहा किलोमीटर वर दगडी टाकी आहे, तिथपर्यंत मास्तर नि चिंधी चालत जातील. बायको आणि घड्याळजी बसने जाऊन तिथे थांबतील.

पहिले तीन किलोमीटर झकास गेले. मग एका वळणावर चिंधी बसली.

मास्तरांनी गुडघे टेकून पट्टा एक बोट सैल केला आणि पुढे निघाले. चिंधी हलली नाही. आणखी एक बोट. नाही. त्यांनी खणांतलं तिचं खाणं काढून आपल्या सॅकमध्ये भरलं. नाही. अस्तराची शिवण टोचते का, ते गालावर घासून पाहिलं. शेवटी खोगीरच उतरवून हातात घेतलं आणि हताशपणे म्हणाले, "बाई गं, आता काय कातडं सैल करू?"

चिंधी उघड्या अंगानेही बसूनच होती. आणि बघत होती उजवीकडे.

मास्तरांनी अडतीस वर्षांत पहिल्यांदा कापडावरची नजर काढून रस्त्याकडे पाहिलं. वाटेला तिथे दोन फाटे फुटत होते. मास्तर डावीकडे निघाले होते. डावीकडे थोड्या अंतरावर ठळक पाटी होती: दगडखाण, पुढे रस्ता नाही.

ते मुकाट मागे आले आणि उजवीकडे वळले. चिंधी उठली, अंग झटकलं, आणि खोगीर घालून घ्यायला पाठ पुढे करून उभी राहिली. या वेळी तिने श्वास रोखला नव्हता.

टाकीपाशी पोचायला पाऊण तास उशीर झाला. घड्याळजींनी वेळ सेकंदासकट सांगितली.

"काय करत होतात इतका वेळ?" बायकोने विचारलं.

"ट्रायल चालली होती."

"कुणाची?"

मास्तरांनी चिंधीकडे पाहिलं. ती टाकीचं पाणी पीत होती. तिच्याकडून कागाळी होण्याचा संभव नव्हता. तरी ते खरं बोलले. "माझी."

बायकोने वाकून पट्ट्याखाली दोन बोटं घातली. सहज गेली. "जा," ती म्हणाली. "आणि ती बसली की पट्टा बघायचा नाही, पाटी बघायची."

सोमवारी सकाळी दुकानाच्या दारावर घड्याळजींच्या अक्षरातली पाटी लागली: 'मास्तर चालायला गेले आहेत. परत येईपर्यंत कोणी जाड होऊ नये.' मास्तर दारात सॅकचा पट्टा आवळत होते. चिंधी त्यांच्या पुढे, चिंध्यांच्या दोन्ही कुशी मिरवत, योग्य दिशेला तोंड करून उभी होती. बायको कोट घालून निरोपाला आली होती. दोन्ही बगलांखाली त्याला तपकिरी कापडाचे जोड होते, खोगिराला होते तेच. रविवारी संध्याकाळी दुसरं कापड मिळालं नव्हतं.

मास्तर एकशे तेरावं पाऊल टाकून कोपऱ्यावर वळले, डावीकडे. मग चिंधीने ओढल्यामुळे उजवीकडे. वळताना त्यांनी मागे पाहिलं. बायकोने हात हलवला, भलामोठा श्वास घेतला, आणि त्या कोटासकट दुकानाच्या पायरीवर ऐसपैस बसली.