थोरलीचा टाक

माझ्या गळ्यात मंगळसूत्राखाली थोरलीचा टाक असायचा. थोरली म्हणजे ह्यांची पहिली बायको. ती बाळंतपणात, बाळासकट, आमच्या मधल्या खोलीत वारली. मागून आलेल्या दुसरीने तिची चांदीची प्रतिमा गळ्यात घालायची, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, ही आमच्या घरची रीत. राग यायचा, पण सांगणार कुणाला?

माझा मुलगाही त्याच खोलीत झाला. तो तान्हा असताना टाकाची कडी तुटली, टाक सोनाराकडे गेला आणि बाळाने दूध सोडलं. अंगावर घेतलं की ओठ मिटून दाराकडे बघत राही. दारात कुणी नसे. टाक परत आला तसं ते प्यायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, थोरली रुसली होती.

हे शहाद्याच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. हसून म्हणाले, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढंच. एकाच जिवावर प्रयोग करायचा तर काढघाल पुन्हा करायला हवी आणि दर वेळी परिणाम उलटायला हवा. तसंच केलं. टाक काढला, बाळाचे ओठ मिटले. घातला, उघडले. मग ह्यांनीच त्यात खोट काढली. टाक नाही हे मला ठाऊक असतं, माझी भीती बाळाला कळते. म्हणून सासूबाईंना त्यांच्या भावाकडे धाडलं आणि स्वतः एक कापडी पिशवी शिवून माझ्या गळ्यात बांधली. आत टाक आहे की नुसता चांदीचा तुकडा, ते मला सांगितलं नाही.

भर दुपार होती. हे समोर बसले. बाळाने दाराकडे पाहिलं आणि ओठ मिटले. संध्याकाळपर्यंत रडून त्याचा आवाज बसला. ह्यांनी पिशवी उसवली. आत नुसता तुकडा होता. टाक ह्यांनीच माझ्या गळ्यात बांधला. गाठ मारताना त्यांची बोटं थंडगार लागली.

बाळ पोटभर पिऊन झोपलं, तेव्हा ह्यांनी तो तुकडा उचलून पाहिला. म्हणाले, प्रयोग कच्चाच होता. आत काय आहे ते मला माहीत होतं, तू माझा चेहरा वाचला असशील. पिशवी भरणारा वेगळा आणि समोर बसणारा वेगळा हवा होता.

माझं लेकरू दुपारपासून उपाशी, आणि ह्यांचं अजून शास्त्र चाललेलं. मला संताप आला.

"मंग आखो एकदाव करी देखा," मी अहिराणीत म्हटलं आणि उसवलेली पिशवी त्यांच्यापुढे टाकली.

ते दाराकडे बघत राहिले. दारात कुणी नव्हतं.

"नको," ते म्हणाले. "पोऱ्या एकच शे."