पाठीवरची रिकामी चौकट

"माह्या पाठीकडे तर तुम्ही लग्नाच्या दिवशीबी एवढं पाह्यलं नाई," सुरभी म्हणाली.

संघदीपने मोबाईलमधून मान वर काढली नाही. दोन बोटांनी तो फोटो मोठा करत होता, बाजूला सरकवत होता, पुन्हा मोठा करत होता. फोटोत एक उघडी पाठ होती. दारासारखी रुंद, तेलाने चकाकणारी. मानेपासून कमरेपर्यंत तिच्यावर एक ड्रॅगन वळसे घेत उतरला होता. अंगभर हिरवे खवले, पोटाला पिवळसर पट्टे, भोवती काळ्या लाटा.

"बंट्याची पाठ हाय," तो म्हणाला.

"मंग बंट्यापाशी राहू द्या न. तुम्ही कायले जळून राह्यले?"

"मी नाई जळून राह्यलो."

"वास येऊन राह्यला इथपर्यंत."

इथपर्यंत म्हणजे पडद्याच्या अलीकडे. यवतमाळच्या आर्णी रोडवर एकाच गाळ्यात या नवरा-बायकोची दोन दुकानं आहेत. पुढे सुरभीचं शिलाई मशीन, भिंतीला टांगलेले ब्लाऊज आणि उभा आरसा. मध्ये फुलाफुलांचा पडदा. पडद्यामागे संघदीप नगराळेचा टॅटूचा पलंग. पुढे सुई कापडातून जाते, मागे कातडीतून. माप द्यायला आलेल्या बायका मागची घरघर ऐकून विचारतात, "दाताचा डॉक्टर बसते का वो मांगं?" सुरभी टाका न चुकवता सांगते, "नाई काकू. साप-विंचू काढणारा बसते."

साप काढायला संघदीप एका पायावर तयार असतो. फक्त तो जपानी हवा. जपानी पद्धतीत नुसता साप काढून भागत नाही. त्याच्या भोवतीचा वारा, पाणी, फुलं, ढग, सगळंच काढावं लागतं, आणि तेही अंगाच्या वळणाने. माणूस चालला की चित्र चाललं पाहिजे. हे त्याला कोणी समोर बसवून शिकवलं नाही. नागपुरातल्या एका दुकानात तो सुई धरायला शिकला, बाकीचं मोबाईलवर म्हाताऱ्या जपानी कारागिरांचे हात बघत. त्याच्याही आधीचं शिक्षण बाभुळगावातलं. त्याचे वडील भीमराज पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, आणि पोळा आला की लोक बैल घेऊन दारात. शिंगं रंगवून घ्यायची, पाठीवर वेलबुट्टी काढून घ्यायची. डबा धरून उभ्या संघदीपला वडील सांगायचे, "जनावराच्या अंगावर सरळ रेघ मारू नोको. ते हललं का रेघ मरते."

पण यवतमाळात पाठ कोण देतं? येणारा येतो तो नाव घेऊन. आईचं नाव, पोराचं नाव, जय भीम, महादेव, आणि मनगटावर तिचं नाव. दोन वर्षांनी तोच पोट्टा तेच मनगट घेऊन परत येतो. "भाऊ, हे झाकून द्या. लग्न जमलं." मग संघदीप त्या नावावर जपानी मासा काढतो. घाटंजीपासून दारव्ह्यापर्यंत त्याचे कितीतरी मासे कितीतरी पोरींची नावं गिळून बसले आहेत.

अशात बंटी आला होता. बाभुळगावात जिम चालवणारा, अंगाने बुलडोझर, मनाने पेढा. टी-शर्ट काढून सरळ पलंगावर पालथा पडला.

"भाऊ, पूर्ण पाठ घ्या. तुम्हाले काय काढाचं ते काढा. मले विचारूच नोका."

संघदीपला वाटलं, आपल्याला कोणी सातबारा लिहून दिला.

पहिल्या दिवशीच त्याने ड्रॅगनच्या शेपटीखाली, कमरेच्या जरा वर, उजव्या बाजूला एक छोटी उभी चौकट आखली. जपानी कामाची ती रीत. पूर्ण पाठ झाली की कारागीर त्या चौकटीत आपलं नाव लिहितो. आधी नाही. काम अर्धं असताना चौकट रिकामीच ठेवायची.

"इथी काय येईन?" बंटीने आरशात मान वळवून विचारलं होतं.

"माहं नाव."

"माह्या आंगावर तुमचं नाव? लोकं काय म्हनतीन भाऊ!"

"लोकं म्हनतीन, कोनं काढलं. मंग त्याईले चौकट दाखवजो."

आयुष्यभर दुसऱ्यांची नावं लिहिणाऱ्या माणसाने स्वतःच्या नावासाठी एवढीशी जागा राखली होती. आणि ती जागा आता उर्वशीच्या ताब्यात गेली होती.

उर्वशी नागपूरची. संघदीपने तिला फक्त मोबाईलवर पाहिलेलं. वयाने लहान, दुकान काचेचं, आणि मुख्य म्हणजे ती जपानला जाऊन शिकून आलेली. ज्या म्हाताऱ्यांचे हात संघदीप चार इंची पडद्यावर बघायचा, त्यांच्या शेजारी बसून आलेली. तिचं प्रत्येक नवं काम तो सगळ्यांत आधी बघायचा, आणि एकाही कामाला त्याने कधी लाईक दिलं नव्हतं. बंटीच्या पाठीचा फोटो तिनेच टाकला होता. मात्र फोटोत बंटीच्या चड्डीचा पट्टा एवढा वर होता की चौकट झाकली गेली होती. म्हणून संघदीप सकाळपासून तो पट्टा मोठा करकरून पाहत होता. जणू फोटो ताणला की पट्टा खाली सरकेल.

"तिनं नाव टाकलंच अशीन," तो म्हणाला.

"मंग टाकू द्या. रंग तिनं भरला," सुरभी म्हणाली.

"रेघा कोनाच्या?"

"तुमच्या. पन भरल्या काहून नाई तुम्ही? पोट्टा किती दिवस चकरा मारत होता. तुम्ही कधी म्हना हिवाळा येऊ दे, कधी म्हना मशीन बिघडली. मशीन तर चांगली घुरघुर करत होती."

संघदीपने फोटो पुन्हा मोठा केला. खरं कारण त्याने सुरभीलासुद्धा सांगितलं नव्हतं. रेघांच्या शेवटच्या सिटिंगला उन्हाळा होता, कूलर बंद पडलेला, बंटीच्या घामाने पाठीवरचा छाप पुसट झालेला. डाव्या खांद्याच्या फऱ्याखालचा पंजा संघदीपने अंदाजाने काढला. रक्त पुसून पाहतो, तर पंज्याला चार नखं. जपानी ड्रॅगनला तीन असतात. या कामातली ती बाराखडी. यवतमाळात कोणाच्या लक्षात आलं नसतं, पण खाली चौकट होती, चौकटीत नाव येणार होतं, आणि मोबाईल सगळं जग बघतं. उपाय सुचेपर्यंत तो तारखा पुढे ढकलत राहिला. अमरावतीची शरीरसौष्ठव स्पर्धा जवळ आली तशी बंटी म्हणाला, "अर्धा ड्रॅगन घेऊन स्टेजवर उभा राहू का भाऊ?" आणि मग तो यायचाच बंद झाला.

तेवढ्यात दुकानात इंदुताई आल्या. नेहमीचं गिऱ्हाईक. हातात कापलेल्या ब्लाऊजचे तुकडे.

"सुरभी, एवढं शिवून दे व माय. कापलं त्या चौकातल्या टेलरनं, अन् तो गेला गावाले."

"दुसऱ्याची कटिंग मी नाई शिवत, काकू."

"काहून?"

"बिघडलं तर नाव माहं, जमलं तर नाव त्याचं. अन् त्यानं जे वाकडंतिकडं कापलं ते मी आपल्या टाक्याखाली लपवत बसू." बोलता बोलता तिने तुकडे पसरले, बोट फिरवलं. "हे पाहा, बाहीचा मुंढा कसा खाल्ला मेल्यानं. ...पन कटोरी सुंदर कापली. माह्याच्यानं नसती अशी झाली." तिचा आवाज जरा उतरला. "ठेवा. परवा या."

पडद्यामागे संघदीपने मोबाईल उलटा ठेवला.

बंटी आला तो दुपारी. एका हातात पेढ्यांचा डबा, तोंडावर मार खायला आलेल्या पोराचा भाव.

"दीपभाऊ, दुसरा नंबर आला."

"पयला काहून नाई आला? जपानचा रंग होता न."

"भाऊ..."

"इकडं कसा चुकला? नागपूरचा रस्ता खोदला का?"

"तुम्ही तारीखच देत नव्हते. मी काय करू?"

"बायको माहेरी गेली म्हनून दुसरी कराची का?"

"ओ!" पडद्याअलीकडून सुरभीचा आवाज आला. "मिसाली सांभाळून द्या जरा."

बंटी हसला. संघदीप हसला नाही.

"शर्ट काढ."

"राग येईन तुम्हाले."

"आलेला हाय. काढ."

बंटी पालथा पडला. संघदीपने दिवा जवळ ओढला, वरून मोबाईलची बॅटरी पेटवली. आणि तो चुका शोधायला लागला. सावकारही सोनं इतकं घासून बघत नाही. खवल्यांच्या कडा बघितल्या. रंग कुठे रेघेबाहेर गेलाय का? नाही. हिरवा कुठे डागाळलाय का? नाही. लाटांचा काळा तळाशी घट्ट, आणि वर जाता जाता चुलीच्या धुरासारखा विरळ होत कातडीत विरून गेलेला. असा विरता काळा जमावा म्हणून त्याने डुकराच्या कातड्यांवर सराव करत कितीतरी दुपारी घालवल्या होत्या. त्याला अजून आला नव्हता. तिला आला होता. त्याच्याच रेघेच्या आत.

"श्वास घे मोठा," तो म्हणाला.

बंटीने श्वास घेतला. ड्रॅगन फुगला, सोडला तसा वळला. ही चाल संघदीपची होती. तेवढं एक बरं वाटलं, पण पुढच्याच क्षणी डोळा डाव्या फऱ्याखाली गेला.

पंज्याला तीन नखं होती.

त्याने अंगठ्याने कातडी ताणली. चौथं नख गेलं कुठं? मग दिसलं. पंज्याखालून तिने एक लाट उसळवली होती. जपानी लाटेच्या फेसाला बोटांसारखी टोकं असतात. त्या टोकांतलं एक टोक म्हणजे त्याचं चौथं नख. आहे तिथेच, आहे तसंच, फक्त आता ते पाणी झालं होतं.

एवढं सोपं. इतके महिने त्याने पंजा कसा बुजवावा याचाच विचार केला. पाण्याकडे पाहिलंच नाही. चूक दाखवून तिने बोंब मारली असती तर परवडलं असतं. शिवी घालून मोकळं होता आलं असतं.

"या पंज्याबद्दल काई बोल्ली का ती?" त्याने विचारलं.

"पंजा? नाई. काहून?"

"काई नाई. पट्टा खाली घे."

बंटीने पट्टा सरकवला. संघदीपने आधी डोळे मिटले, मग उघडले.

चौकट रिकामी होती. भोवती लाटा, ढग, सगळं भरलेलं, आणि मध्ये एवढीशी उघडी कातडी, कडेने अगदी नीट जपलेली.

"मी म्हनलं तिले," बंटी उशीत तोंड खुपसून सांगत होता, "टाका म्हनलं मॅडम नाव. तर म्हने, रेघ ज्याची चौकट त्याची. मी कायले लिहू? म्हनून तर आलो मी. पेढे तर वरून आनले."

संघदीपने चौकटीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"अन् भाऊ, एक सांगू का? तीबी तुमच्यासारखीच बॅटरी घेऊन पाहत होती. पयल्या दिवशी तर रंग लावलाच नाई. नुसती ड्रॅगनच्या तोंडाकडे पाहे. म्हने, हे डोळे कुठचे? जपानचे नाई हे. कोनं शिकवले? दोनदा काढून पाह्यले तिनं कागदावर, अन् फाडून फेकले."

"फाडले?"

"मंग! चहाबी नाई प्याली."

ते डोळे पोळ्याचे होते. शिंगांना रंगाचा कुंचला लागला की बैल जसा डोळ्याच्या कोपऱ्यातून मागे बघतो, तसे. पण हे संघदीपने बंटीला सांगितलं नाही. आपल्याकडे एक तरी गोष्ट राहू द्यावी.

पडदा बाजूला सारून सुरभी आत आली. तिने पाठ बघितली, नवऱ्याचं तोंड बघितलं, पेढा घेतला.

"चांगलं भरलं वो पोरीनं," ती म्हणाली.

"हौ," संघदीप म्हणाला. "माह्याच्यानं नसतं झालं."

मग त्याने हात धुतले, मोजे चढवले, नवी सुई लावली. मशीन घुरघुरलं. बंटीने उशी आवळली. पाटी रंगवणाऱ्याचा पोरगा तो, अक्षराला हात कापत नाही त्याचा. वरून खाली, एकाखाली एक अक्षर. पण सुरभी शिवणारी. जागेचं माप तिला नजरेने कळतं. तिने लगेच ओळखलं.

"एवढं बारीक काहून लिहून राह्यले? अर्धी चौकट रिकामी राह्यली न."

"राहू दे."

"राहू दे म्हनजे?" बंटी उशीतून ओरडला. "भाऊ, आता अर्धं काई ठेवू नोका! पाया पडतो!"

"खालची जागा तिची हाय. तिले सांग, नाव टाकाचं अशीन तर इथी ये. यवतमाळले. या पलंगावर."

"ती कायले येईन वो इतक्या दूर? मीच जातो न नागपूरले, ती टाकून देईन."

"तू नाई जाचं." संघदीपने मशीन बंद केलं. "माह्यासमोर टाकाचं. तो काळा ती कसा विरवते, हात कसा धरते, मले पाहाचं हाय. नुसतं पाहाचं हाय."

"अन् नाई आली तर?"

"येईन. तिच्या जागी मी असतो तं मी आलो असतो."

त्याने पाठ पुसली, चौकटीवर मलम लावलं, आणि मोबाईल सुरभीच्या हातात दिला.

"फोटो काढ. आपल्या दुकानाच्या नावानं टाक. तिचं नावबी जोड त्याले."

सुरभीने मोबाईल धरला, एक डोळा मिटला. "दिसते. चांगला दिसते ड्रॅगन."

"ड्रॅगन सोड. चौकट दिसते का? बंट्या, पट्टा खाली घे."

"घेतला न भाऊ."

"अजून घे."

"अवो, मापाले एक काकू येऊन बसल्या बाहेर!" सुरभी म्हणाली.

"बसू दे. बंट्या, तू पट्टा घे खाली. खालची रिकामी जागा नीट आली पाह्यजे. तिले दिसली पाह्यजे."