न चाखलेलं चॉकलेट

‘बाई, जरा गप. टोप बोलतोय.’

हे वाक्य मला माझ्याच स्वयंपाकघरात ऐकून घ्यावं लागायचं. मी हायस्कुलात शास्त्र शिकवायची. नववीचा अख्खा वर्ग माझ्या नुसत्या चष्म्याकडे बघून चिडीचूप व्हायचा. आणि हे गृहस्थ गॅसपाशी वाकून, उजवा कान टोपाकडे करून, डोळे मिटून मलाच गप बसवायचे. मी बसायचेही. का बसायचे ते आधी कळत नव्हतं. नंतर कळलं तेव्हा थक्क व्हायची पाळी माझी होती.

सगळी आळी त्यांना भंडारी म्हणायची, मी भंडारीचाचा. मुसलमान माणूस आणि भंडारी कसा, असं तुम्हाला वाटलं तर तुमचं चुकत नाही. जहाजावर खलाशांच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात, आणि चाचांची तीस वर्षं मालवाहू जहाजांवर रांधण्यात गेली होती. पण रत्नागिरीत भंडारी म्हणजे एक मोठा समाज. एकदा नव्या पोस्टमनने त्या समाजाच्या स्नेहमेळाव्याचं निमंत्रण बिनदिक्कत चाचांच्या दारात टाकलं. चाचा इस्त्रीचा सदरा घालून गेले. पंगत बसल्यावर कालवणाची बादली हातात घेऊन वाढायलाच लागले. परत आले तेव्हा मी विचारलं, कसं झालं जेवण? म्हणाले, ‘कालवण बरं होतं. जरा आधी उतरवायला पायजे होतं.’

आमच्या दोन घरांमध्ये जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा होता. त्या गडग्याला टेकून चाचा जहाजावरच्या गोष्टी सांगायचे आणि मी वह्या तपासत ऐकायचे. त्यातलीच एक चॉकलेटची.

जर्मनीच्या एका बंदरात त्यांचं जहाज बर्फात अडकून पडलं होतं. जहाजावर कप्तानसाहेबांची बायकोही होती, मूळची पुण्याची. थंडीने आणि कंटाळ्याने तिने जेवण सोडलेलं. कप्तानसाहेबांनी चाचांच्या हातात काळ्या चॉकलेटची लादी आणि तांबड्या वाइनची बाटली ठेवली आणि म्हणाले, हिच्यासाठी कायतरी गरम कर. दूध संपलं होतं. कोठीत नारळ होते. चाचांनी नारळाच्या दाट रसात ते चॉकलेट केलं, वाइन घालून. बाईंनी दोन कप घेतले. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर तो टोप जायचा. फक्त मोठ्यांसाठी. कोणा अधिकाऱ्याचं पोर बोटीवर असलं तर त्याला नुसता कोको.

‘आणि तुम्ही?’ मी विचारलं.

‘मी वाढायचो.’

‘चव कशी बघायचात?’

‘वासावर. आणि तोंडं बघून.’

चाचांनी दारूचा थेंब कधी जिभेला लावला नव्हता. न चाखता पदार्थ करायचा, तोही वर्षानुवर्षं, हे मला काही पटेना. शिवाय वाइन आंबट. आंबट पडलं की दूध फाटणार, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले होते. मी तसं म्हटलं. चाचा हसले.

‘बाई, तुम्ही सोलकढी करता ना? कोकमाचं आगळ आंबट नाय? मग नारळाचा रस का नाय फाटत?’

‘आपण ती उकळत नाही म्हणून.’

‘झालं तर. उकळी दाखवायची नाय.’

कोकणात जन्म काढून, शास्त्राची पदवी घेऊन, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. त्या दिवशी वह्या तपासताना मी मार्क जरा सढळ दिले.

दोन हजार साल उलटून एखाददुसरं वर्ष झालं असेल. दिवाळीनंतर चाचा हातात पत्र घेऊन गडग्याशी आले. कप्तानसाहेबांचं होतं. त्यांच्या बाई वारल्या होत्या. साहेब जानेवारीत गणपतीपुळ्याला जाणार होते आणि वाटेत रत्नागिरीला चाचांकडे थांबणार होते. शेवटी लिहिलं होतं, ‘तिचं ते चॉकलेट एकदा तुझ्या हातचं प्यायचंय. मग काही मागणं नाही.’

चाचा म्हणाले, ‘बाई, तुमचा गॅस मिळेल काय?’

त्यांच्या घरात बाटली येणं शक्यच नव्हतं. चाची पाच वेळा नमाज पढणारी, तिने सरळ सांगितलं होतं की साहेब येऊ देत, बिर्याणी करते, पण ती वस्तू उंबऱ्याच्या आत नको. तिचं बरोबरच होतं. आमच्या घरात तरी कुठे चालणार होती? आमचे हे मुंबईला नोकरीला, घरी मी आणि सासूबाई. सासूबाईंचे उपासच आठवड्यातून तीन. मी त्यांना काही बोलले नाही. खोटं बोलले नाही हं, फक्त सांगितलं नाही. माझा भाऊ गोव्याला असतो, तो नाताळच्या सुट्टीत येताना बाटली घेऊन आला. काळं कडू चॉकलेट चाचांच्या दुबईच्या पुतण्याने आणलेलं घरात पडूनच होतं, कोणी तोंड लावत नव्हतं. दालचिनी परसातली. सगळा सरंजाम जमला.

एका सकाळी चाचा नुसती भांडी बघायला म्हणून आले. मी पाणी आणायला मागच्या दारी गेले होते. आत पाऊल टाकलं तर स्वयंपाकघरात गॅसचा भपकारा. सासूबाईंचा लायटर पेटला नव्हता आणि बटण तसंच राहिलं होतं. आणि शेगडीसमोर चाचा शांतपणे उभे, हातात काडेपेटी.

मी घागर टाकून त्यांचा हात धरला. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. मग तोंडाला आलं ते बोलले. ‘अहो नाक आहे का काय आहे? घर उडवताय का आमचं?’

चाचा खाली बसले. काडेपेटी माझ्याकडे सरकवली.

‘नाय बाई. नाक नाय. गेल्या पावसाळ्यात ताप आला, त्यात गेलं. चाचीला पण नाय सांगितलं.’

ज्या माणसाने सगळी हयात वासावर रांधलं त्याचं नाकच गेलेलं. आणि महिन्याभरात त्याला तो एक पदार्थ करायचा होता, जो तो चाखणार नव्हता.

मी म्हटलं, ‘चाचा, एक थेंब जिभेवर ठेवा. खोकल्याच्या औषधातसुद्धा असतं.’

‘औषध घेतो तेव्हा घेतो. हे औषध नाय.’ मग म्हणाले, ‘आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून रांधलं. आता आपल्या तोंडाकडे कशाला बघू? तुम्ही माझं नाक व्हा.’

झाले. आमच्या घराण्यात हे पद यापूर्वी कोणी भूषवलं नसावं.

पण आमच्या घरात काही सरळ होईल तर शपथ. बाटली मी आगळाच्या बाटल्यांमागे लपवली होती. कोकणात आगळ भरायला रिकामी बाटली चालते, तिच्यात आधी काय होतं ते कोणी विचारत नाही. रंगही तोच. भाऊ बाटली उघडून ‘घे, वास घे’ म्हणून परत बूच लावून गेला होता. रविवारी सासूबाईंनी सोलकढी केली. मी दोन वाट्या प्यायले. सासूबाई म्हणाल्या, ‘यंदाचं आगळ घशाला धरतंय गो.’

मला आमची बाटली आठवली. उठून बघितलं तर बाटली निम्म्याखाली.

सासूबाई त्या दुपारी छान झोपल्या. त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. चाचांना मात्र गडग्यावरून सांगितलं. ते इतके हसले की त्यांना गडग्यावर बसावं लागलं. मग डोळे पुसून विचारलं, ‘लागली कशी?’

‘आधी कोकमासारखी. मागून तुरट, काजूच्या बोंडासारखी घशाला धरते.’

‘किती धरते? पिकलेल्या बोंडासारखी की अर्धवट?’

‘पिकलेल्या.’

चाचांनी मान हलवली. ‘मग साखर कमी, नारळ जास्त. मीठ कणभर.’ ज्या गोष्टीची चव त्यांनी जन्मात घेतली नव्हती तिचं माप त्यांनी माझ्या दोन वाक्यांवर बसवलं.

उरलेल्या वाइनमध्ये जेमतेम दोन कप होणार होते. म्हणजे संधी एकच. तालीम आम्ही कोकमाच्या आगळावर केली. टोप तापवायचा, त्यात दालचिनी कोरडी भाजायची, मग आगळ, मग चॉकलेटचे तुकडे, शेवटी टोप खाली उतरवून नारळाच्या रसाची बारीक धार. सगळी मेख दालचिनीत. कमी भाजली तर फिकी, क्षणभर जास्त झाली तर करपट. तो क्षण चाचा वासाने धरायचे. आता मी शेजारी उभी राहायची आणि खमंग सुटलं की ‘आता’ म्हणायचं.

आम्ही पाच वेळा दालचिनी भाजली. दर वेळी चाचा कान लावून बसायचे. सहाव्या वेळी मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, ‘आता.’ आणि नेमकं तेव्हाच खमंग सुटलं.

‘कसं कळलं?’

‘तुम्ही आता म्हणता तेव्हा टोप कसा बोलतो, ते ऐकून ठेवलं.’

एवढी वर्षं मी मुलांना निरीक्षण म्हणजे काय ते शिकवत होते, आणि निरीक्षण म्हणजे काय ते मला गॅसच्या शेगडीपाशी समजलं. तरी त्यांनी बजावलं, ‘त्या दिवशी तुम्ही बाजूला पायजेच. कान नवा आहे अजून.’

कप्तानसाहेब चारला आमच्याकडेच येणार होते, आले साडेतीनला. चाचांनी नुकता टोप ठेवला होता. दारात गाडीचा आवाज आला. सासूबाई देवळात गेलेल्या. पाहुण्याला दारात उभं कसं ठेवायचं? मी ओटीवर गेले. पांढरे केस, ताठ कणा, हातात काठी. मी या बसा म्हटलं, पाणी दिलं, प्रवास कसा झाला विचारलं. साहेबांचा आवाज भरदार, घरभर जाणारा. ते बाईंबद्दल बोलायला लागले आणि मला मध्येच उठवेना.

आत आले तेव्हा चाचा वाइन ओतून चॉकलेट विरघळवत होते. टोपातून वास येत होता, चांगला येत होता, पण त्याच्या तळाशी करपटाची एक रेघ होती. चाचांनी माझ्याकडे बघितलं.

‘वास?’

बाटली रिकामी होती. साहेब बाहेर बसले होते.

‘छान येतोय,’ मी म्हटलं. वीस वर्षांच्या नोकरीत मार्क कधी सढळ दिले असतील, पण खोटा एकही दिला नव्हता.

चाचांनी नारळाचा रस धारेने सोडला. एक कण फाटला नाही. गडद, दाट, चमचा फिरवला की मखमलीसारखी घडी पडत होती. ते कप घेऊन बाहेर गेले, साहेबांनी उठून त्यांना मिठी मारली, मग दोघं समोरासमोर बसले. साहेबांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. चाचा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. साहेबांनी कप संपवला, दुसरा मागितला, तोही संपवला. ‘तस्संच,’ म्हणाले. ‘अगदी तिचंच.’

त्यांना गाडीपर्यंत पोचवायला मी गेले. चाचा मागे कप आवरत होते. दार लावताना साहेब हळूच म्हणाले, ‘दालचिनी लागली होती जरा. त्याला सांगू नका.’

मी परत आले. चाचा टोप घासत होते.

‘काय म्हणाले साहेब?’

‘खूश होते.’

‘करपली होती ना?’

मी फडकं घेऊन कप पुसायला लागले.

‘तुमचं तोंड बघून मला तेव्हाच कळलं,’ चाचा म्हणाले. ‘पण भाजत असताना बाहेर साहेबांचा आवाज आला. किती वर्षांनी आला. टोपाचं ऐकायचं सोडून तेच ऐकत राहिलो.’ त्यांनी टोप पालथा घातला. ‘तुम्ही खोटं बोललात. बरं केलंत. साहेबांनी पण तेच केलं, दोन कप घेतले.’

मला रडू आलं. मी लपवलंही नाही. म्हटलं, ‘किती करपलीय ते तरी एका थेंबात कळलं असतं. आणखी नारळ घालून सावरता आलं असतं.’

‘आलं असतं,’ ते म्हणाले, आणि हात पुसून घरी गेले.

त्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात चाचा गेले. झोपेतच. चार महिने दहा दिवसांची इद्दत घरात पाळून झाल्यावर चाची आमच्याकडे आली, स्वयंपाकघरातच पाटावर बसली. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, ‘बाई, एक विचारू? साहेब आले होते तेव्हा तुम्ही होता इथं. आमच्या ह्यांनी चाखलं?’

मी तिला सगळं सांगितलं. नाक गेल्याचं, दालचिनीचं, करपल्याचं. ‘चाची, एका थेंबाने त्यांची लाज राखली असती. ज्या माणसासाठी जीव टाकत होते त्याला त्यांनी करपलेलं वाढलं, पण जीभ लावली नाही. मी समोर होते.’

चाचीने बोटाचा पदर सोडला.

‘बोटीवरून यायचे,’ ती म्हणाली, ‘तेव्हा उंबऱ्यात मी पहिला त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. तीस वर्षं. ते उभे राहायचे गप. कधी रागावले नाय.’ तिने डोळ्यांना पदर लावला. ‘एकदा तरी वास न घेता आत घ्यायला पायजे होतं.’