बुधाच्या फोटोवरचा हार

पाड्यावरचे बाप्ये भांडायला लागले की भिंतीला कान लावायची गरज पडत नसे. काशीने चुलीपाशी बसूनच सगळं ऐकलं होतं.

"ह्यो किसनभाऊ फोटो काढतो नि नेतो कुठं?"

"जंगल खात्याच्या साहेबाला दावीत असंल. उद्या मोजणी येईल, परवा आपल्याला हुसकतील."

"फुकट कोण कुणाची तोंडं काढतं रं?"

काशी बाहेर येऊन म्हणाली, "भाऊ भला माणूस हाय. काय वाकडं झालं तर मला बोला."

बोलून बसली खरी, पण आता तिचा शब्द पणाला लागला.

बदलापूरच्या डोंगरामागं रस्ता संपतो, पुढं नुसतं रान आणि चार महिने पाऊस. तिथला हा पाडा. किसनभाऊ अंबरनाथच्या केमिकल कंपनीत तीस वर्षं पाळ्या करून रिटायर झाले, तेव्हापासून दर रविवारी गळ्यात कॅमेरा घालून यायचे. नाचणी लावणाऱ्या बाया, खेकडे धरणारी पोरं, मधाचं पोळं काढणारा काशीचा नवरा बुधा, सगळ्यांचे फोटो काढायचे. पुढच्या रविवारी ज्याचा फोटो त्याच्या हातात.

एवढी हौस कुणाला असते? काशीलाही खटकायचं. एकदा भाऊ ओढ्यावर पाय धुवायला गेले तेव्हा तिने पिशवी उघडून पाहिली. आत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. तरी शंका गेली नाही. हुशार माणूस पिशवीत थोडंच ठेवील?

मग एका रविवारी भाऊंनी बुधाचा फोटो काचेच्या फ्रेममध्ये घालून आणला. वर चंदनाच्या वासाचा हार. आणि बुधा धडधाकट, अंगणात विडी ओढत बसलेला. हार घातलेला फोटो म्हणजे माणूस गेला. दुसऱ्या दिवशी बुधाला ताप भरला.

"काय गं, मला बोला म्हणाली होतीस ना?" बाप्ये काशीच्या दारात आले.

पुढच्या रविवारी बाप्यांनी भाऊंना शिवेवरूनच परत पाठवलं.

फ्रेमच्या मागं दुकानाची चिठ्ठी होती. रानभाजी विकून झाल्यावर काशी बदलापूरहून थेट उल्हासनगरला गेली, विचारत विचारत. दुकानात भिंतभर फ्रेमा. दाढीवाले आजोबा, लग्नाचं जोडपं, दुपट्यातलं बाळ, सगळ्यांना तोच हार.

"हे बाळ पण गेलं?"

"अरे मावशी, असं काय बोलते!" दुकानदार दचकला. "फ्रेम के साथ हार फ्री है. स्कीम आहे."

काशी पायरीवर बसून पोट धरून हसली. पण भाऊंचे डोळे कुठं गेले होते? परतीच्या वाटेवर अंबरनाथला त्यांना गाठून तिने तेच विचारलं.

"वैनी, आमच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोला रोज हार असतो," भाऊ ओशाळून म्हणाले. "मला वाटलं, दुकानदाराने बुधाला मान दिला."

काशीने पाड्यावर सगळं सांगितलं. बुधाचा ताप तोवर उतरला होता. कशानं, यावर दोन पक्ष पडले: भाऊंना परत पाठवलं म्हणून, की आपसूकच. हार ओढ्यात गेला आणि भाऊ परत येऊ लागले. मोजणी काही आली नाही. तरी एक म्हातारा शेवटपर्यंत म्हणायचा, "अजून यायची हाय."

भाऊंचा शेवटचा फेरा भाद्रपदातला. त्याच आठवड्यात ते गेले, ते पाड्याला फार उशिरा कळलं. त्या रविवारी ते नेहमीसारखेच आले. प्लास्टिकच्या पिशवीतून फोटो काढून एकेक नाव पुकारलं. म्हाताऱ्याने दार लावून घेतलं, तेव्हा त्याच्या नातवाचा फोटो शेजारणीकडे दिला. काशीकडचा कोरा चहा घेतला.

"कुणाचा राहिला का, वैनी?"

"नाय भाऊ."

त्यांनी पिशवी झटकली, घडी करून खिशात घातली आणि पायवाटेनं खाली उतरले.