रिकाम्या फेरीचं भाडं

खाजगी जेट भाड्याने घ्यायला किती पैसे लागतात, असं अमरावतीत चारचौघांना विचारलं तर तिघं हसतील आणि चौथा विचारेल, बाप्पा, लॉटरी लागली का? मला मात्र तो हिशोब तोंडपाठ आहे. मी वलगावच्या काळी-पिवळीवाल्याची मुलगी, घरातली पहिली पदवीधर, आणि आज लोकांना जेटचं भाडं समजावून सांगते. याचा मला अभिमान वाटतो आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला. शाल दिली, पेन दिला. वडील सवाऱ्या भरलेली गाडी विहाराबाहेर उभी करून आले होते. त्या बाहेर ओरडत होत्या आणि ते दाराशी उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढे मला शहरात एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात नोकरी लागली. मालकांना सगळे भाऊ म्हणत. त्यांचा सगळा जन्म लक्झरी बसच्या धंद्यात गेलेला. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून विमान उडायला लागलं तसे लोक विमानाचं विचारायला ऑफिसची पायरी चढू लागले, म्हणून भाऊंनी एक टेबल विमानाच्या तिकिटांसाठी लावलं आणि तिथे मला बसवलं.

एके सकाळी अकोल्याहून फोन आला. फोन केला होता कापसाच्या जिनिंगच्या एका शेठजींनी. त्यांच्या मुलीचं लग्न जयपूरला ठरलं होतं. त्यांच्या आईच्या कंबरेचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी लांबचा रस्ता, रेल्वे, दोन-दोन विमानं बदलणं, सगळ्याला नाही म्हटलं होतं. आईला लग्नाला न्यायचं तर अमरावतीहून थेट, छोटंसं, आपलं स्वतःचं विमान. किती पडेल?

भाऊंनी तो फोन माझ्याकडे दिलाच नाही. नागपूरच्या एका ओळखीच्याला तासाचा रेट विचारला, अमरावती ते जयपूर किती तास ते विचारलं, जायचे आणि यायचे तास जोडून गुणाकार केला आणि लगेच उलट फोन करून आकडा सांगून टाकला. शेठजी म्हणाले, पक्कं.

मग मी मुंबईच्या विमानवाल्या कंपनीकडून लेखी कोटेशन मागवलं. आकडा भाऊंच्या दुपटीच्या वर. आधी वाटलं, आपल्याला गावचे समजून फसवताहेत. मी कंपनीतल्या बाईंना फोन लावला. एकदा नाही, समजेपर्यंत लावला. इंग्रजी अडलं तिथे हिंदी, हिंदी अडलं तिथे सरळ मराठी. विचारायला लाजायचं नाही, हे मी कॉलेजात पहिल्याच वर्षी ठरवलं होतं, कारण घरी विचारायला कोणी नव्हतं.

त्या बाई शेवटी म्हणाल्या, "अहो मॅडम, विमान मुंबईला उभं असतं. तुमच्याकडे ते आधी यायला नको का?"

तेव्हा सगळं डोक्यात उतरलं. विमान मुंबईहून रिकामं अमरावतीला येणार. इथून जयपूर. तिथे मुक्काम. जयपूरहून परत अमरावती, आणि मग पुन्हा रिकामं मुंबई. आपण बसतो दोन वेळा, उडतं ते चार वेळा. शिवाय विमान उतरवायचं भाडं, उभं राहायचं भाडं, पायलट लोकांचं हॉटेल, सगळ्यावर जीएसटी. भाऊंच्या बसगाड्या त्यांच्याच आवारात उभ्या असतात. गाडी आपल्या दारातूनच निघते असा त्यांचा आयुष्यभराचा हिशोब, म्हणून विमान कुठून येईल हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

मी त्यांना सांगितलं. त्यांनी कोटेशनवरचा आकडा पुन्हा वाचला.

"मंग आपुन जे बोललो ते?"

"ते जमत नाही, भाऊ."

"अकोल्याचा बाजार हाय तो. तिथं सकाळी बोललेला भाव संध्याकाळी फिरवला तं मानूस पुन्हा दारात उभं करत नाही." मग खाली मान घालून म्हणाले, "मले तं त्याच्यासमोर तोंड नाही दाखवता येत."

"मी जातो," मी म्हटलं.

"तू?"

"हिशोब मले समजला. मंग सांगाले मीच गेलं पाह्यजे ना."

घरी वडिलांना हे सांगितलं तर ते भाकर मोडता मोडता हसले. "म्हणजे विमानवालेबी रिकामी फेरी सवारीच्याच डोक्यावर टाकते? मले तं लोक त्या पायी शिव्या देतेत."

खरं होतं ते. लग्नाला कोणी अख्खी गाडी स्पेशल केली की वडील परतीचे पैसेही मागत. लोक भांडत, आम्ही तर एकाच बाजूनं बसलो, येताना तुले सवारी भेटनच ना. भेटायची कधी कधी. जेटला मात्र रस्त्यात हात दाखवणारं कोणी नसतं.

दुसऱ्या दिवशी एसटीने अकोल्याला गेले. शेठजींनी घरीच बोलावलं होतं. पुढच्या खोलीत खाटेवर आजी उशांना टेकून बसल्या होत्या, पाय सरळ, अंगावर पातळ चादर. शेठजी खुर्चीत. माझ्या मागे कोणी आत येतंय का, म्हणून ते दाराकडे पाहत राहिले.

"मालक काहून नाही आले?"

"मलेच पाठवलं त्याईनं."

"म्हणजे रेट वाढवून आणला," ते म्हणाले. "गोड बातमी असती तं मालक पेढे घेऊन आले असते."

मी हो म्हटलं. आडपडदा ठेवला नाही. कोटेशन त्यांच्यासमोर ठेवलं आणि आकड्यावर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं आणि कागद उलटा करून ठेवला.

"पोरी, आमच्यात बोललेला भाव फिरवत नाही."

"भाव तोच आहे, शेठजी. तासाचा रेट एक रुपयानं नाही वाढला. भाऊनं अर्धी वाट मोजली होती. बाकीची मी मोजून आणली."

"वाट अकोल्यापासून मोज ना मंग. आमच्या शिवनीच्या विमानतळावर काहून नाही उतरत?"

"धावपट्टी आखूड पडते. बेलोऱ्यालेच यावं लागन. उजेड असतानाच."

मग त्यांनी प्रश्न सुरू केले, आणि मला बरं वाटलं. जो माणूस प्रश्न विचारतो तो अजून उठून गेलेला नसतो. किती जणं बसतील? आठ. दहा बसवू, लेकरं मांडीवर घेऊ. मी म्हटलं, मांडी चालत नाही, विमानात माणसाचं वजन धरतात, सामानाचंही. तर म्हणाले, पायलटांचं हॉटेल काहून लावलं, लग्नघर आहे, जेवू घालू, शेला-टोपी देऊ, आमच्या माणसांत झोपतील.

"जेवू घाला," मी म्हटलं, "टोपीबी द्या. पण त्याईची झोप पुरी झाली पाह्यजे असा नियम आहे. लग्नघरी कोन झोपू देते?"

खाटेवरून आजी हसल्या. शेठजी हसले नाहीत. मी त्यांना चारही फेऱ्या बोटांवर मोजून दाखवल्या. कोणती भरलेली, कोणती रिकामी.

"तुझा बाप काय करते?" त्यांनी मध्येच विचारलं.

"काळी-पिवळी चालवते. वलगाव-अमरावती."

"तरीच," ते म्हणाले. टोमणा होता की शाबासकी, मला कळलं नाही. मी ती शाबासकी धरली.

पण पैसे त्यांना जड झाले होते, हे दिसत होतं. श्रीमंत माणसालाही एक खटका असतो. बसायचे पैसे तो देतो, रिकाम्याचे देताना त्याचा हात थांबतो. "दोन फेऱ्या हवा वाहून न्याच्या अन् त्याचे पैशे आपुन द्याचे," ते म्हणाले. मग आईकडे न पाहता बोलले, "राहू दे. आई व्हिडिओवर पाहीन लग्न."

आजींनी चादर वर ओढली. "मले तसंबी नाही जायचं," त्या म्हणाल्या. "तुमी सारे लग्नाच्या कामाले अगुदर तिकडं पोहचान, माह्यासंग म्हातारे अन् लेकरं. मले त्या पेटीत उचलून ठेवन कोन, बाथरूमले नेईन कोन? सुनेच्यानं होत नाही. माही लेक असती तं गेलो असतो."

"आजी, लेक कुठं असते?" मी विचारलं.

"मुंबईले."

पुढचं मला तिथे बसून सुचलं नाही. हे मी आधीच विचारून ठेवलं होतं, कोणासाठी ते न ठरवता. मी स्वतः शाळेत आणि कॉलेजात वडिलांच्या रिकाम्या फेरीतच गेले. स्पेशल सोडून ते परत निघाले की मी वाटेत चढायची. पास काढायला पैसे नव्हते, पण गाडी त्या बाजूला जाणारच होती. म्हणून मी मुंबईच्या बाईंना विचारलं होतं, तुमचं विमान रिकामं येतं तेव्हा आमचं माणूस त्यात बसलं तर? त्या म्हणाल्या होत्या, बसू दे की, पैसे तुम्हीच देताय, फक्त नावं आधी कळवा.

"शेठजी," मी म्हटलं, "विमान मुंबईहूनच येते. तुमच्या बहिणीले तिथंच त्यात बसवा. बेलोऱ्याले आजीले घेतीन, जयपूरले सोबत राहतीन, येताना आजीले बेलोऱ्यालेच उतरवतीन, अन् त्याच विमानानं आपल्या घरी. एकही फेरी हवा वाहून नाही जात."

शेठजींनी उलटा ठेवलेला कागद सुलटा केला.

"जास्तीचे किती?"

"काही नाही. ते तुमी देऊनच राहिले ना."

आजी मुलाला म्हणाल्या, "लाव तिले फोन." शेठजींनी बहिणीला फोन लावला, सगळं सांगितलं, आणि पलीकडचा आवाज एवढा मोठा झाला की त्यांनी फोन कानापासून लांब धरला. आजी तोंडावर पदर घेऊन बसल्या होत्या. मग त्यांनी फोन मागून घेतला आणि लेकीला पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "साडी मी सांगन तेच नेसजो."

शेठजी उठून आत गेले आणि एकशे एक रुपये घेऊन आले. हा इसार. बोली पक्की झाली की देतात ती खूण. मी म्हटलं, रक्कम तर भाऊंच्या खात्यात बँकेतून येईल, हे मी कसं घेऊ?

"बँकेचं बँकेत," ते म्हणाले. "इसार ज्याच्याशी बोली झाली त्याच्या हातात देतेत. भाऊची बोली तं मोडली." आणि नोटा माझ्या हातावर ठेवल्या.

अकोल्याच्या त्या बाजारात किती पदव्या चालतात मला माहीत नाही. पण तिथली बोली माझ्या नावाने झाली, आणि विहारातल्या शालीइतकाच मला त्याचा अभिमान वाटला.

ठरल्या दिवशी मी बेलोऱ्याला गेले. विमान माझ्या कल्पनेपेक्षा लहान होतं, उन्हात पांढरं चकचकीत. दार उघडलं, पायऱ्या खाली आल्या, आणि आधी पायलट नाही, आजींची लेक उतरली. आईने सांगितलेलीच साडी. ती चाकाच्या खुर्चीजवळ आली, वाकली, आणि आईच्या काखेखाली हात घालून तिने सरावाच्या बाईसारखं उचललं. आजी म्हणाल्या, "हळू वं, घाई कायची? गाडी आपलीच हाय."