टॉमचा चहा

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कॉलेजात पैजेवर स्मशानात बसून चार वडापाव खाल्लेला माणूस आहे मी. (मित्र म्हणतात दोनच. जळतात.) तेव्हा खालचं वाचून 'काय फेकतोय' असं वाटलं तर वाटू द्या... मला स्वतःलाच वाटतं.

गेल्या वर्षी डब्लिनमधली माझी आयटीतली नोकरी गेली. एआय आलं, मी गेलो. पाठोपाठ घरमालकाने घर विकायला काढलं. बायको, मानसी, मलिंगार नावाच्या गावातल्या एका लॅबमध्ये. तिची नोकरी टिकवायची तर मलिंगारलाच राहायला हवं, आणि तिथे भाड्याच्या एका घराला एवढी रांग की शेवटचा माणूस दुसऱ्या जिल्ह्यात उभा! शेवटी एक म्हातारी कॅम्परव्हॅन घेतली. गावाबाहेर तळ्याकाठी एक पब्लिक पार्क आहे. तिथे स्कीम अशी — रोज सकाळी व्हॉलंटियर म्हणून टॉयलेट धुवायची, पानं गोळा करायची, आणि त्या बदल्यात व्हॅनला जागा, वीज, पाणी. हिवाळा तिथे निघाला की झालं, एवढंच आमचं मागणं.

पहिल्या आठवड्यात माझी कंबर मोडली. अख्ख्या आयर्लंडची पानं गळायला आमच्याच पार्कात येतात.

मग एका सकाळी उठून बघतो तर काम झालेलं! पानांचे ढीग भिंतीला लावलेले, टॉयलेट असं लख्ख की आरती ओवाळावी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी गजरच लावला नाही.

आम्हाला वाटलं, पार्कचाच कुणी माणूस पहाटे येत असेल. मानसीला मात्र राहवेना.

"अरे, कुणीतरी तुझं काम करून जातंय आणि तू घोरतोयस! चहा तरी विचारावा माणसाने."

ती रात्री व्हॅनच्या पायरीवर एका कपात आलं घालून चहा ठेवायला लागली. सकाळी कप धुतलेला, पायरीवर उपडा.

पार्कची देखरेख करणारा नोएल राउंडला आला की म्हणायचा, "ग्रँड जॉब! फेअर प्ले टू यू!" मी घाम पुसल्यासारखं करून म्हणायचो, "नो बॉदर."

सगळं सुरळीत चाललं असतं. पण दिवाळी आली. मानसीने त्या एका शेगडीवर चकल्या तळल्या, लाडू वळले आणि दोन डबे घेऊन गेली नोएलकडे. "हा तुमच्यासाठी. आणि हा पहाटे तुम्ही ज्यांना पाठवता ना, त्यांच्यासाठी." मी मागून एवढ्या खुणा केल्या की एखादं विमान उतरलं असतं.

"आम्ही कुणालाच पाठवत नाही," नोएल म्हणाला.

तिने सगळं सांगितलं. ढीग, टॉयलेट, उपडा कप. कपाचं ऐकल्यावर नोएल खालीच बसला.

"उपडा कप... तो टॉम."

आमच्याच जागेवर आमच्याआधी टॉम नावाचा म्हातारा होता, कॅरॅव्हॅनमध्ये. वर्षानुवर्षं काम केलं. चहा प्यायला की कप धुऊन पायरीवर उपडा ठेवायचा. मग खुबा गेला. पार्कच्या ऑफिसने सांगितलं — काम पूर्वीसारखं होत नाही, जागा सोड. बहिणीकडे गेला आणि तिथेच वारला. "फार लागलं होतं त्याला," नोएल म्हणाला. "जागा गेली त्याचं नाही. काम नीट नाही म्हणाले, त्याचं."

नोएलने वर भूत-बित कळवलं नाही, 'कुणी अनोळखी माणूस सफाई करतो' एवढंच. आणि ऑफिसचं उत्तर आलं — काम फुकटात होतंयच, तर तुम्हाला जागा कशाला?

पहिली नोकरी एआयने खाल्ली, दुसरी भुताने.

थंडीच्या तोंडावर आम्ही गेलो गावातल्या गेरी नावाच्या माणसाच्या टायरच्या दुकानामागच्या आवारात. चिखल, गंजलेले रिम, पाणी बादलीने. मानसीने सवयीने चहा ठेवला. सकाळी आवार झाडलेलं, टायर रचलेले, कप उपडा. मानसीने कप उचलला. "त्यालाही दुसऱ्यांदा काढलं रे," म्हणाली.

थोड्याच दिवसांत नोएलचा फोन. टॉयलेटकडे फिरकवत नाही, पानं गुडघ्यापर्यंत. ऑफिस म्हणतंय परत या, तीच जागा.

त्या रात्री कप ठेवताना मानसी म्हणाली, "टॉमकाका, जायचं का परत?"

"त्याला मराठी कळतं?"

"चहा कळतो ना."

सकाळी कप भरलेला. तसाच. वर साय.

नाही म्हणणं त्याला परवडलं. आम्हाला नाही. आम्ही गेलो.

आता टॉयलेट मीच धुतो, पानं मीच ओढतो. 'ग्रँड जॉब' हल्ली कुणी म्हणत नाही. मानसी अजून चहा ठेवते, सकाळी त्यात पावसाचं पाणी असतं.

परवा गेरीचा फोन आला. "अरे, तुमचा तो माणूस... अजून येतो की रे! अख्खं आवार आरशासारखं! घेतो काय तो?"

"कपभर चहा," म्हटलं. "आलं घालून. आणि एक सांगतो गेरी, त्याच्या कामात खोट काढू नकोस."

कोण येतं, कसं येतं, कप कोण धुतं — मला विचारू नका. डोकं खाजवून खाजवून टक्कल पडलं, उत्तर नाही. एवढंच कळलंय की तो येतो, आणि आमच्याकडे येत नाही.