कॉइलपासून बागेतल्या दिव्यांपर्यंत

नवऱ्याने सिगारेट सोडली त्याला आता चार वर्षं झाली, आणि तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटं कमी आणि तारा जास्त असतात. सिगारेटच्या जागी वेप आला. त्यात तापणारी कॉइल तयार विकत मिळते. ती बसवावी आणि मोकळं व्हावं, असं माझ्यासारख्या साध्या बाईला वाटतं. पण हा पडला इंजिनिअर. बारीक तार स्क्रूड्रायव्हरच्या दांडीभोवती स्वतः गुंडाळायची, तिच्या पोटातून कापूस ओवायचा, मग त्या कापसाने बाटलीतलं लिक्विड कसं आपोआप वर ओढून घेतलं ते मला बोलावून दाखवायचं. मीटरवर मनासारखा आकडा आला की चेहरा असा खुलतो, जणू बोर्डाचा निकाल लागला.

लिक्विडमधलं निकोटीन त्याने हळूहळू शून्यावर आणलं. आता तर वेप दिवसदिवस कपाटात पडून असतो. उरलंय ते गुंडाळणं. आम्ही राहतो जर्मनीत, आणि महिन्यातून एकदा तो शेजारच्या एर्लांगेनला अशाच हौशी डाम्पफर, म्हणजे वेपवाल्या लोकांच्या श्टामटिशला, ठरलेल्या बैठकीला जातो. मी एकदा बरोबर गेले होते. वाटलं, धुराड्यात बसावं लागणार. तर वाफेचा पत्ता नाही. सहा-सात बाप्ये गॅरेजच्या दाराची मोटर, बाल्कनीतलं सोलर पॅनल आणि अंगणात पुरायच्या केबलवर तावातावाने बोलत होते. कॉइल गुंडाळता येते म्हणजे आता जगातली कुठलीही तार आपली, असा प्रत्येकाचा समज.

टेबलावरच्या पसाऱ्याबद्दल मी कुरकुरते, पण फार ताणत नाही. याआधी दोनदा त्याची सिगारेट सुटली होती आणि दोनदा परत लागली. दोन्ही वेळा कारण एकच: काहीतरी बिनसलं आणि हाताला काम नव्हतं. त्याचे हात रिकामे राहिले की खिशाकडे जातात. मला त्याचीच धास्ती असते.

गेल्या दिवाळीला सासरे पुण्याहून यायचे होते. जेवणानंतर शतपावली घातल्याशिवाय बाबांना झोप लागत नाही, आणि आमच्या हेर्त्सोगेनआउराख गावात तेव्हा संध्याकाळी पाचलाच अंधार होतो. आमच्या टेरासवरून बागेत उतरायला तीन पायऱ्या, त्यात बाबांचा गुडघा दुखरा. झालं, नवऱ्याला निमित्त मिळालं. त्याने बागेत चर खणला, केबल पुरली, दिवे रोवले. इथे मुख्य जोडणी इलेक्ट्रिशियननेच करायची असते. त्याचा टेर्मिन, म्हणजे यायची वेळ, मिळता मिळता दिवाळी तोंडावर आली, पण तो आला, जोडणी करून, सगळं तपासून गेला. दिवे झकास लागले.

बाबा आले, पायऱ्या उतरले, खूश झाले. मुलाच्या हातातला वेप बघून म्हणाले, "हा वाफारा सर्दीचा का रे?"

"हो, बाबा," मी घाईघाईने म्हटलं. "त्याला इथली हवा मानवत नाही."

मग पाऊस आला. साधी भुरभुर, पण घरातला एफआय-स्विच खाड्कन पडला आणि कुकरमधला भात अर्धवट राहिला. हा स्विच ओल लागून वीज भलतीकडे गेली की घराची लाइन तोडतो. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तर सगळं सुरळीत. पुन्हा पाऊस, पुन्हा अंधार. नवऱ्याने एकेक दिवा खोलला, हिरवळ परत खणली. बाबा घरातल्या घरात सोफ्याभोवती शतपावली घालत होते.

शेवटी एका शनिवारी दुपारी, भर पावसात, मी छत्री धरली आणि त्याने भिंतीवरचा जोडणीचा डबा उघडला. इलेक्ट्रिशियन गेल्यावर या पठ्ठ्याने आणखी एक दिवा जोडायला डब्याला वरून भोक पाडलं होतं. भोक मोठं झालं, केबल बारीक. आत कोळी जाऊ नयेत म्हणून उरलेल्या फटीत त्याने कॉइलचा कापूस ठासला होता. उत्तम प्रतीचा, पाहिजे तेवढं पाणी वर-खाली कुठेही ओढून नेणारा. पावसाचं पाणी त्याने थेंब न थेंब आत पोचवलं होतं.

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "चार वर्षं मला ऐकवतोयस कापूस रस कसा ओढतो ते! सगळ्या जर्मनीत हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नसेल, आणि तूच तो पावसात लावलास?"

"गेनाऊ," तो एवढंच म्हणाला, म्हणजे 'अगदी बरोबर'.

त्याने बागेची लाइन बंद केली, घरातले दिवे आले. मग टेबलावरची अवजारं, तारा, मीटर, सगळं खोक्यात भरून खोकं कपाटात ठेवलं. इतकं नीट त्याने कधी आवरलं नव्हतं. जॅकेट चढवून म्हणाला, "जरा पाय मोकळे करून येतो."

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कोपऱ्यावरच्या घराची भिंत दिसते आणि तिच्यावरचं सिगारेटचं मशीनही. तो त्याच्यासमोर उभा राहिला. वयाच्या खात्रीसाठी त्यात बँकेचं कार्ड घालावं लागतं. त्याने पाकीट काढलं. चुलीत गेले ते दिवे, असं वाटलं. मी एवढं बोलायला नको होतं. घरातल्या चपलांतच मी धावत सुटले.

तो कार्ड हातात धरून उभा होता. अजून आत घातलं नव्हतं. भाषण द्यावं तर तो ऐकणाऱ्यातला नाही, रडावं तर रस्त्यावर शेजारी.

"मिक्सर आवाज करतोय," मी म्हटलं. "जरा खोलून बघतोस का?"

पुण्याहून मांडीवर बसवून आणलेला माझा मिक्सर. आजवर त्याला मी कुणाला बोट लावू दिलं नव्हतं, ह्याला तर नाहीच. तो माझ्यामागे आला. मी मिक्सर टेबलावर मांडला आणि बटण फिरवलं. तो लोण्यासारखा चालत होता, खडखड नाही की काही नाही.

नवऱ्याने वाकून कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हो गं, येतोय आवाज," आणि कपाटातून खोकं काढायला उठला.